पांच पेले आणि एक पेच

मद्याचा केवळ वास घेणें हेंही पातकच होय, असें मनूनें आपल्या स्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगून ठेविलें आहे. आणि २०२३ सालच्या कार्तिकांत, इटली देशांतील तुरीन नगरांत, आम्हीं तें पातक एकाच संध्याकाळीं लागोपाठ पांच वेळां केलें. गोष्ट सांगावयाचीच तर कबुली आरंभीं दिलेली बरी. त्या पांचांपैकीं एकाही पेल्यांतील थेंब आमच्या जिभेस लागला नाहीं, हें खरें. परंतु तेवढ्यानें मनूच्या दरबारांत आमची सुटका होईल, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या वडीलधाऱ्या वाचकांस एवढें वाचूनच हें पान उलटावेंसें वाटलें असेल, त्यांस आमची विनंति इतकीच कीं, क्षणभर धीर धरावा. आम्ही येथें मद्याची स्तुति करावयास बसलों नाहीं. ज्या वस्तूचा आम्हीं जन्मभर त्याग केला ती वस्तु काय आहे, हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें; आणि आमच्या त्या अज्ञानाची किंमत आमच्या घरांत दुसरेंच कोणी देत होतें. हें त्या संध्याकाळीं आमच्या ध्यानांत कसें आलें, तें सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तुरीन शहरास तेथील लोक तोरिनो म्हणतात. आमचे धाकटे चिरंजीव तेथें मोटारींच्या यंत्ररचनेचें काम करतात. त्यांस जाऊन नऊ वर्षें झालीं. दसरा आटोपल्यावर तीन महिन्यांकरितां आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. सूनबाईंनीं आमची व्यवस्था इतकी चोख ठेविली होती कीं, आपण घरापासून सहा हजार किलोमीटर दूर आहों, याची आठवण फक्त खिडकीबाहेर पाहिल्यावरच व्हावी. पांचव्या दिवशीं लिंबू कापण्याकरितां सुरी शोधीत आम्हीं स्वयंपाकघरांतील एक खण उघडला, तों फडक्यांच्या घडीखालीं एक चमत्कारिक वस्तु हातास लागली. वर लांकडी मूठ, आणि तिच्या खालीं मळसूत्रासारखी वळत गेलेली पोलादी तार. "हें काय?" असें विचारतां सूनबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बूच काढायचा पेच आहे, नाना. व्हिनेगरच्या बाटलीला लागतो." आम्हीं मान हालविली. दोन दिवसांनीं दुपारीं, आम्हीच गांवाहून नेलेल्या लाडवांचा डबा उंच कपाटांतून खालीं काढला, तों त्याच्या मागें वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेले सहा उंच दांडीचे पेले दिसले. इटालियन भाषा आम्हांस येत नाहीं. पण आंकडे येतात. वर्तमानपत्रावरील तारीख, आम्ही विमानांतून उतरलों त्याच्या आदल्या दिवसाची होती.

आम्हीं डबा जागेवर ठेविला आणि कोणास कांहीं बोललों नाहीं. हें मौन कोठून आलें, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. आमच्या बालपणीं आमच्या घरांत सत्तावीस पानें होत असत. त्या सत्ताविसांत आमचे एक चुलते होते. गोड गळ्याचे, हिशेबांत तरबेज, मुलांचे लाडके. ते पितात, हें घरांत कोणास कित्येक वर्षें ठाऊक नव्हतें. तें कळलें तें दोन शेतें गहाण पडल्याचा कागद आला तेव्हां. आणि आजीच्या पाटल्या गेल्या आहेत, हें त्यानंतर. १९६९ सालीं ते वारले. पुढच्याच वर्षीं आमची मुंज झाली, आणि त्या रात्रीं वडिलांनीं आम्हांस देवापुढें बसवून, हातावर पाणी घालून शपथ घेवविली. त्या दिवसापासून आमच्या घरांत ताडीची कीं मोहाची, गुळाची कीं द्राक्षांची, देशी कीं विलायती असा भेद कोणीं केला नाहीं. एक शब्द होता, आणि तो पुरे होता. आम्हींही आमच्या मुलांस तोच शब्द आणि तीच गोष्ट देऊन वाढविलें. शपथ आम्हीं पाळली, याचें आम्हांस समाधान आहे. आणि खरें सांगावयाचें तर थोडा अभिमानही होता.

चिरंजीवांच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनीं जन्मभर शाळेंत लॅटिन शिकविलें. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. दोघांचेंही इंग्रजी बेताचें, परंतु त्यांचें 'इग्निस' आणि आमचा 'अग्नि', त्यांचें 'नोवेम्' आणि आमचें 'नवन्', अशी जोड लागूं लागली आणि जिन्यांत उभ्या उभ्या तास-तास जाऊं लागला. हे गृहस्थ महिन्यांतून एकदां आठ-दहा स्नेही जमवून तांबड्या वाइनींची तुलना करीत असत. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस त्या बैठकीचें आमंत्रण दिलें. आम्हीं आमचें व्रत सांगतांच ते हंसून म्हणाले कीं, पिण्यास कोण बोलावतो आहे? आमच्यांतील निम्मे लोक तोंडांत घेतलेलें थुंकून टाकतात. तुम्ही वास घ्या, रंग पाहा, आणि शिक्षक आहांत तर गुण द्या. आम्हीं चिरंजीवांकडे पाहिलें. ते जिन्याच्या कठड्याकडे पाहत म्हणाले, "मी येईन. भाषांतराला."

बैठकीच्या आदल्या दिवशीं गुरुजींनीं आम्हांस लांगे नांवाच्या टेकड्यांवर नेलें. तोरिनोच्या दक्षिणेस तासा-सव्वातासाच्या वाटेवर हा प्रदेश आहे. टेकडीमागून टेकडी, प्रत्येकीच्या माथ्यावर एखादें खेडें आणि उतारांवर कंगव्यानें विंचरल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा. युनेस्कोनें २०१४ सालीं हा भाग जागतिक वारशांत घेतला. बारोलो हें मुळांत तेथील एका खेड्याचें नांव. आज त्या नांवाची वाइन आजूबाजूच्या अकरा गांवांच्या शिवारांतूनच करतां येते, आणि तीही नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून. तिथल्या भाषेंत धुक्यास 'नेब्बिया' म्हणतात, आणि द्राक्षाचें नांव त्यावरूनच पडलें, असें पुष्कळांचें मत आहे. हें द्राक्ष पिकतें तेंच मुळीं शरदांत, उतारांवर धुकें उतरूं लागतें तेव्हां. आम्ही गेलों तेव्हां तोडणी होऊन महिना लोटला होता. पानें तांबूस होऊन गळत होतीं. एका वेलीवर राहून गेलेला लहानसा घोस गुरुजींनीं तोडून आमच्या हातावर ठेविला. फळ खाण्यास कोणत्याही स्मृतीची आडकाठी नाहीं. गर गोड होता. परंतु "साल आणि बी चावून पाहा," असें त्यांनीं सांगितल्यावरून तें केलें मात्र, आणि सारें तोंड हिरडा चघळल्यासारखें तुरट होऊन गेलें. आपल्या षड्रसांतील कषाय तो हाच. गर जवळजवळ बिनरंगाचा असतो. वाइनीचा तांबडेपणा सालींतून येतो, आणि तुरटपणा साल व बी यांतून. हा तुरटपणा मऊ होण्यास काळ लागतो, म्हणून बारोलोस अडतीस महिने थांबविल्याखेरीज विकतां येत नाहीं, आणि त्यांतील अठरा महिने ती लांकडी पिंपांत असावी लागते. ही सर्व माहिती आम्हीं वहींत टिपून घेतली. ही टांचणें दुसऱ्याच दिवशीं आम्हांस लाज आणणार आहेत, याची तेव्हां कल्पना नव्हती.

बैठक दोन गल्ल्यांपलीकडील एका दिवाणखान्यांत होती. जमलेल्या अकरा जणांत एक औषधविक्रेते होते, एक ट्रामचे निवृत्त चालक होते, दोघी बहिणी होत्या, एक वैद्य होते. लांब मेजावर प्रत्येकापुढें पांढरा कागद पसरला होता, त्यावर पांच पेले, शेजारीं पावाचे तुकडे, पाण्याचा तांब्या आणि थुंकण्याकरितां एक उभट भांडें. मेजाच्या टोकास पांच बाटल्या फडक्यांत गुंडाळून उभ्या केल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यांत केवळ क्रमांक अडकविला होता. हें पाहतांच आम्हांस एकदम घरीं आल्यासारखें वाटलें. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर मुलांचीं नांवें नसतात, क्रमांक असतो. कां, तर परीक्षकाची ओळख किंवा भीड आड येऊं नये. येथेंही तोच न्याय. चिठ्ठी वाचून वाइन थोर वाटूं लागते, हें या लोकांस पक्कें ठाऊक होतें.

रीत अशी. पेला तृतीयांशच भरावयाचा आणि दांडीस धरावयाचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाहीं. प्रथम तो पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावयाचा. मग मनगटानें हळूच फिरवून आंतील रसास वारा द्यावयाचा आणि नाक पेल्यांत घालून वास घ्यावयाचा. शेवटीं घोटभर तोंडांत घेऊन, ओठांतून थोडी हवा ओढून, जिभेवर सर्वत्र खेळवावयाचा. त्यानंतर गिळणें कीं थुंकणें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. वैद्यबुवांनीं आरंभापासून शेवटपर्यंत प्रत्येक घोट थुंकला. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ते म्हणाले कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें याच वर्षाच्या जानेवारींत स्पष्ट सांगितलें आहे, मद्याचें निर्धोक असें प्रमाणच नाहीं. आणि तें कर्करोगास कारण होतें, हें तर १९८८ पासून मान्य आहे. मला पारखण्याची हौस आहे, पिण्याची नाहीं. हे शब्द ऐकून आम्हांस मोठा दिलासा वाटला, आणि त्याबरोबरच थोडें ओशाळल्यासारखेंही झालें. पारखणें आणि पिणें या दोन भिन्न क्रिया असूं शकतात, हें आमच्या मनांत साठ वर्षांत कधीं आलें नव्हतें.

आम्हीं कागद पुढें ओढला आणि परीक्षकाच्या तडफेनें कामास लागलों. पहिला पेला माणकासारखा लाल होता. वास आंबटगोड, पावसाळ्याच्या तोंडीं रानांतून आणलेल्या करवंदांची आठवण व्हावी असा. दुसरा पाहून आम्ही विरमलों. रंग इतका विरळ कीं, खालच्या कागदावरचीं अक्षरें त्यांतून वाचतां यावींत. कडेस तर विटकरी, जुनाट छटा. वास म्हणावा तर जवळजवळ नाहींच. तिसरा पहिल्यासारखाच, परंतु अधिक पोक्त. त्याच्या वासांत चामड्याची पिशवी आणि वाळलेला पाला होता. चौथा गडद, धुराचा वास असलेला. पांचवा जवळजवळ काळाच, आणि त्यावर नाक नेतांच आम्ही दचकलों. कारण तो वास आम्हांस पूर्ण परिचयाचा होता. मनुका, सुकें अंजीर आणि त्यामागें एक उष्ण झाक. आमच्या देवघराच्या कोनाड्यांत, धन्वंतरीच्या तसबिरीखालीं, द्राक्षासवाची बाटली गेलीं तीस वर्षें उभी आहे, आणि थंडीच्या दिवसांत रात्रीं समभाग पाणी घालून आम्ही तें घेतों. आसवांत आंबवण्यानें आपोआप मद्यार्क उत्पन्न होतो आणि बाटलीवर तसें छापलेलेंही असतें. ती ओळ आम्हीं कधीं वाचली नव्हती, असें नाहीं. वाचली होती आणि औषध म्हणून सोडून दिली होती. आम्हीं पांचव्यास सर्वांत अधिक गुण दिले. दुसऱ्यास सर्वांत कमी दिले, आणि शेऱ्याच्या जागीं लिहिलें, 'रंगानें फिका, प्रकृतीनें अशक्त'. कागद पालथा ठेवून आम्ही हात बांधून बसलों. फार तर दहा मिनिटें लागलीं असतील.

बाकीचे लोक मात्र तास झाला तरी बसूनच होते. एक घोट घेत, पावाचा तुकडा चावीत, पुन्हां पहिल्या पेल्याकडे वळत, लिहिलेले गुण खोडीत. चिरंजीव आमच्या शेजारीं बसून बोलणें समजावून देत होते. गुरुजींशीं बोलतां बोलतां त्यांनीं आपल्यापुढील दुसरा पेला उचलला, आणि आमच्या देखत त्यांच्या मनगटानें त्यास तीन हलके फेरे दिले; एक थेंब कडेस आला नाहीं. तें मनगट शिकाऊ नव्हतें. पेला नाकाशीं नेतांच त्यांस आमचें भान झालें असावें. त्यांनीं तो खालीं ठेविला. छत्तीस वर्षांच्या त्या मुलाच्या तोंडावर क्षणभर तोच भाव आला, जो तो आठ वर्षांचा असतांना देवापुढचा पेढा खातांना सांपडला होता तेव्हां आला होता. आम्हीं मान फिरविली आणि कांहीं तरी करावयाचें म्हणून दुसरा पेला पुन्हां नाकाशीं धरला. आणि काय सांगावें! मघांचा मुका पेला बोलूं लागला होता. आधीं गुलाब, आपल्या गुलकंदाचा भरणीचें झांकण काढतांना येतो तसा; आणि त्याच्या मागोमाग, नव्यानें डांबर ओतलेल्या रस्त्याचा. हे दोन वास एका जागीं नांदूं शकतात, हें आम्हांस कोणीं सांगितलें असतें तर खरें वाटलें नसतें.

मग फडकीं सुटलीं. पहिली किआंती क्लासिको, तिसरी ब्रुनेल्लो दि मोंताल्चीनो. दोन्ही तोस्काना प्रांतांतील, आणि दोहोंत मुख्य द्राक्ष एकच, सांजोवेझे. म्हणजे ते सख्खे भाऊच. फरक एवढाच कीं, ब्रुनेल्लो हंगामानंतरच्या पांचव्या वर्षाच्या जानेवारीपूर्वीं बाजारांत येत नाहीं. चौथी दक्षिणेकडील कांपानिया प्रांतांतील ताउराझी, आल्यानिको द्राक्षाची. पांचवी वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागांतील आमारोने. तिचीं द्राक्षें तोडल्यावर तीन-चार महिने फळ्यांवर सुकवितात, त्यांचें वजन तृतीयांशाहूनही अधिक घटतें, आणि मग त्या मनुकांसारख्या झालेल्या द्राक्षांचा रस काढतात. आमच्या नाकास द्राक्षासव कां आठवलें, याचें हें कारण. आणि दुसरी, जी आम्हीं अशक्त ठरविली होती, ती बारोलो. अकरांपैकीं सात जणांनीं तिला पहिला क्रमांक दिला होता. आदल्या दिवशीं जिच्या द्राक्षानें आमचें तोंड तासभर आंवळून धरलें होतें, तीच ही. नेब्बिओलोचा रंग विरळच असतो आणि वयाबरोबर विटकरी होतो. बळ सगळें त्या कषायांत. हें आम्हीं स्वहस्तें वहींत टिपलें होतें, आणि तरीही पाहिलें काय, तर रंग! हस्ताक्षर पाहून गुण देऊं नयेत, असें आम्हीं चाळीस वर्षें नव्या शिक्षकांस बजावीत आलों. त्या संध्याकाळीं आम्हीं स्वतः तेंच केलें, आणि वर दहा मिनिटांत पेपर तपासून मोकळे झालों.

आमची फजिती पाहून गुरुजी प्रसन्न झाले आणि बोलणें शास्त्रांकडे वळलें. त्यांनीं प्लिनीच्या ग्रंथाचा चौदावा भाग सांगितला, जो सबंध द्राक्षवेली आणि मद्यें यांवरच आहे. आम्हीं सांगितलें कीं, मनूनें सुरेचे तीन भेद केले ते गूळ, पीठ आणि मधु या मूळ द्रव्यांवरून, कारण त्याला त्या टाळावयाच्या होत्या. परंतु कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यास कापिशायन आणि हारहूरक अशीं त्यांच्या त्यांच्या देशांचीं नांवें दिलीं, आणि पाणिनीनें तर कापिशी नगरीपासून 'कापिशायन' हा शब्द साधण्याकरितां स्वतंत्र सूत्रच केलें. गुरुजी खुर्चींतून उठलेच. "म्हणजे तुमच्याकडेही गांवच नांव देतें!" इटलींत किआंतीच्या सीमा तोस्कानाच्या महाड्यूकनें १७१६ सालीं आंखून दिल्या, १९६३ च्या कायद्यानें अशा नांवांना देशभर संरक्षण मिळालें, आणि १९८० पासून त्याहून कडक असा वरचा वर्ग सुरू झाला, त्यांत आरंभींच बारोलो आणि ब्रुनेल्लो आलीं. मग आम्हीं त्यांस आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्यांचा उल्लेख आहे आणि त्यांत इटलीच्या मद्यास पहिली पसंति दिली आहे. त्याच ग्रंथांत पैठण आणि तेर येथून भडोचला माल जात असे, असेंही आहे. म्हणजे आमच्या गोदातीरास या मंडळींच्या द्राक्षांची वार्ता दोन हजार वर्षांपूर्वींच पोंचली होती.

हंसणें ओसरल्यावर ट्रामचालक गृहस्थ, जे तोंवर फारसे बोलले नव्हते, ते म्हणाले कीं, नांव आणि पारख या केवळ हौसेच्या गोष्टी नाहींत. १९८६ सालीं याच भागांतून निघालेल्या स्वस्त वाइनींत मेथिल अल्कोहोल मिसळलें गेलें. वीसहून अधिक माणसें मेलीं, कित्येकांचे डोळे गेले. आम्हांस २०१५ सालची मुंबईतील मालवणीची विषारी दारू आठवली. तिनें शंभरावर बळी घेतले. जेथें वस्तूस नांव नाहीं, गांव नाहीं, आणि जी अंधारांत विकली व अंधारांत प्याली जाते, तेथें मृत्यूस दार उघडें असतें. अंधारांत, हा शब्द आमच्या मनांत अडकून राहिला.

परत निघालों तेव्हां रस्त्यावर धुकें दाटलें होतें. दिव्यांचीं नुसतीं पिंवळीं वर्तुळें दिसत होतीं. पहिली गल्ली कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशीं चिरंजीव म्हणाले, "नाना, त्या खणांतला पेच माझा आहे."

"ठाऊक आहे."

"आणि वर कपाटांत—"

"सहा पेले. वर्तमानपत्राची तारीख वाचली होती."

ते थांबले. आम्हीं विचारलें, "किती?"

"शनिवारीं, जेवतांना, एक पेला. ती अर्धा घेते. कोणी पाहुणा असला तर कधीं दोन."

"मग सांगितलें कां नाहींस?"

बराच वेळ त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाले, "सांगायला शब्द कुठें होता, नाना? आपल्या घरांत एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ धाकटे आजोबा असा आहे. तो तोंडांतून काढला असता तर तुम्हांला शेतं आणि पाटल्याच दिसल्या असत्या. मी दिसलों नसतों."

वाचकहो, चाळीस वर्षें आम्हीं शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलें. परंतु आमच्याच घरांतील एका शब्दाचा अर्थ आमच्या मुलानें आम्हांस त्या धुक्यांत सांगितला. आम्हांस आमचे चुलते आठवले. त्यांस आम्हीं कधीं पितांना पाहिलें नाहीं. कोणींच पाहिलें नाहीं. ते गोठ्यांत, कडब्याच्या गंजीमागें, रात्रीं पीत असत, हें मागाहून कळलें. मेजावर उघड ठेविलेला पेला घरचीं माणसें मोजतात. एकाचे दोन झाले तर आईच्या लक्षांत येतें, दोनाचे तीन झाले तर बायको बोलते. गोठ्यांतला पेला मोजणारें कोणीच नसतें. आम्हांस आजवर मद्याची भीति वाटत आली. लपविण्याची भीति वाटावयास हवी होती, ती वाटली नाहीं. उलट आमच्या एका शब्दानें आम्हीं आमच्या मुलास त्याच गोठ्याच्या वाटेवर लावलें होतें; केवळ त्याची प्रकृति बरी, म्हणून तो दारांतच थांबला होता.

आम्ही म्हणालों, "मला हें पसंत नाहीं. पुढेंही पसंत पडणार नाहीं. वैद्यबुवा काय म्हणाले तें तूंच मला समजावून दिलेंस. तें विसरूं नकोस. पण उद्यां ते पेले पुढें काढून ठेव. आणि एकाचे दोन नेहमींचेच होऊं लागले, तर पहिल्यांदा मला सांग."

त्यांनीं "बरं" एवढेंच म्हटलें. आणि जिना चढतांना, पुष्कळ वर्षांनीं, आमच्या कोपरास हात दिला.

रात्रीं ही हकीकत सौभाग्यवतींस सांगितली. आम्हांस वाटलें, त्या हतबुद्ध होतील. त्या शालीची घडी करीत म्हणाल्या, "पेले मला पहिल्याच दिवशीं दिसले. तुमच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून तर लाडवांचा डबा मीं त्यांच्यापुढें नेऊन ठेविला." म्हणजे ज्या घरांत आम्ही सत्याचे रक्षक म्हणून वावरत होतों, त्या घरांत आम्हांस चुकवून तिघें जण एक गुपित वागवीत होतीं, आणि आमच्या लाडवांच्या लोभानेंच तें फुटलें.

असो. पुढच्या शनिवारीं वरणभात, वांग्याची भाजी आणि पापड असा बेत होता. मेजावर चार पेले आले. सूनबाईंनीं आम्हां दोघांच्या पेल्यांत ताक ओतलें. त्या उंच दांडीस धरून ताक पिणें ही एक कसरतच आहे. चिरंजीवांनीं खणांतून पेच काढला, आमच्यासमोर बाटलीचें बूच ओढलें, आपल्या पेल्यांत ओतलें, सूनबाईंच्या पेल्यांत त्याच्या निम्मे ओतलें. आम्हांस तो देखावा सुखाचा वाटला, असें म्हणणें खोटें होईल. घास थोडा अडखळलाच. आमची शपथ आम्हांस आहे, आणि तो पांच वेळां घेतलेला वास सहाव्यांदा घेण्याची आम्हांस इच्छा नाहीं. परंतु आतां आम्ही काय सोडलें आहे, तें आम्हांस ठाऊक आहे. आणि आमच्या मुलाच्या पेल्यांत किती आहे, तेंही ठाऊक आहे. जेवण संपलें तेव्हां बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली होती. चिरंजीवांनीं बूच उचललें आणि अंगठ्यानें दाबून तें पुन्हां बाटलीच्या तोंडांत घट्ट बसविलें.